व्यावसायिक संवाद-सर्व्हरवरील व्हॉइस कॉल चाचण्यांचे व्यवस्थापन : धाराशिव जिल्ह्याच्या क्रमांकरचनेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संगणकाधारित संवाद-सर्व्हर वापरणाऱ्या संस्थांत दूरध्वनीवरून फिरवलेला क्रमांक कोणत्या रूपात आणि कोणत्या मार्गाने बाहेर जाईल, हे सर्व्हरवर नोंदवलेल्या नियमांवरून ठरते. हे नियम बरोबर आहेत की नाहीत, हे प्रत्यक्ष कॉल न करता तपासण्यासाठी सर्व्हरवर चाचणी-नोंदी ठेवता येतात. प्रस्तुत लेखात अशा चाचणी-नोंदींची रचना, त्यांचे व्यवस्थापन आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले असून उदाहरणे धाराशिव जिल्ह्याच्या एसटीडी कोडरचनेवरून घेतली आहेत. आपत्कालीन क्रमांकांची चाचणी सर्वांत आधी व्हावी आणि चाचणीत पास होणे म्हणजे कॉल लागणे नव्हे, हे लेखाचे दोन मुख्य प्रतिपाद्य मुद्दे आहेत.

बीजशब्द : संवाद-सर्व्हर, डायल प्लॅन, व्हॉइस पॉलिसी, चाचणी-नोंद, गेटवे, एसटीडी कोड, आपत्कालीन सेवा.

प्रस्तावना

महाविद्यालयीन कार्यालयांत दीर्घकाळ ईपीएबीएक्स यंत्रणेचा वापर होत आला आहे. कोणत्या विभागातून बाहेरचा कॉल लागावा, कोठून एसटीडी बंद असावी, हे त्या यंत्रणेत एकदा बसवून दिले जाई आणि बिघाड झाल्याखेरीज तिकडे कोणी लक्ष देत नसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे चित्र बदलू लागले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर २००७’ बाजारात आला आणि ई-मेल, संदेश, बैठक व दूरध्वनी ही कामे एकाच सर्व्हरवरून करण्याची कल्पना रूढ झाली. त्याच परंपरेत पुढे ‘लिंक सर्व्हर’च्या २०१० व २०१३ या आवृत्त्या आणि ‘स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर’च्या २०१५ व २०१९ या आवृत्त्या आल्या. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘अ‍ॅस्टेरिस्क’ ही मुक्तस्रोत प्रणालीही याच प्रकारचे काम करते.

अशा सर्व्हरवर कॉलचे भवितव्य तारांच्या जोडणीपेक्षा लिखित नियमांवर अधिक अवलंबून असते. नियमात एका अंकाची चूक झाली तरी यंत्र बंद पडत नाही. कॉल मात्र भलतीकडे जातो किंवा लागतच नाही. नित्याच्या कामात ही केवळ गैरसोय ठरेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला, ही आठवण बाळगणाऱ्या प्रदेशात मदतीचा कॉल योग्य ठिकाणी पोहोचणे ही बाब गौण मानता येणार नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) फिरवलेला क्रमांक सर्व्हरमधून कोणकोणत्या टप्प्यांनी जातो, हे स्पष्ट करणे.
२) चाचणी-नोंदीची रचना व तिच्या निकालाचा अर्थ सांगणे.
३) धाराशिव जिल्ह्यातील संस्थेसाठी चाचणीसंच कसा असावा, याची मांडणी करणे.
४) अशा चाचणीच्या मर्यादा निदर्शनास आणणे.

क्रमांकाचा प्रवास

लिंक व स्काइप फॉर बिझनेस या सर्व्हरमध्ये फिरवलेला क्रमांक साधारणतः चार टप्प्यांतून जातो.

पहिला टप्पा डायल प्लॅनचा. माणसे क्रमांक नाना प्रकारे फिरवतात. कोणी गावातला सहा अंकी क्रमांक फिरवतो, कोणी शून्य लावून एसटीडी कोडसह, तर कोणी भ्रमणध्वनीचा दहा अंकी क्रमांक फिरवतो. या सर्वांना एका आंतरराष्ट्रीय साच्यात बसवण्याचे काम डायल प्लॅनमधील रूपांतर-नियम करतात. हा साचा ई.१६४ या नावाने ओळखला जातो. त्यात देशाच्या कोडसह जास्तीत जास्त पंधरा अंक असतात आणि भारतासाठी +९१ च्या पुढे दहा अंक येतात. रूपांतर-नियम वरून खाली क्रमाने तपासले जातात आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो. पुढचे नियम मग पाहिलेच जात नाहीत.

दुसरा टप्पा व्हॉइस पॉलिसीचा. त्या व्यक्तीला कोणत्या प्रकारचे कॉल करण्याची मुभा आहे, हे पॉलिसी ठरवते. स्थानिक, एसटीडी, भ्रमणध्वनी, आंतरराष्ट्रीय असे वापरप्रकार तिच्यात क्रमाने नोंदवलेले असतात. तिसरा टप्पा मार्गाचा, म्हणजे रूटचा. क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून मार्ग निवडला जातो आणि मार्ग गेटवेशी जोडलेला असतो. चौथा टप्पा ट्रंकचा. येथे +९१ ने सुरू होणारा क्रमांक दूरसंचार कंपनीच्या एक्स्चेंजला कळेल अशा देशी रूपात पुन्हा आणला जातो.

चाचणी-नोंदीची रचना

सर्व्हरच्या नियंत्रण पटलावर व्हॉइस रूटिंग या विभागात चाचणीचे स्वतंत्र पान असते. तेथे प्रत्येक चाचणी-नोंदीला एक नाव द्यावे लागते. त्याखाली फिरवायचा क्रमांक, लागू करायचा डायल प्लॅन व लागू करायची व्हॉइस पॉलिसी या तीन बाबी ‘दिलेले’ म्हणून भरायच्या असतात. तर रूपांतरित क्रमांक, वापरप्रकार व मार्ग या तीन बाबी ‘अपेक्षित’ म्हणून. गणिताच्या पुस्तकात उदाहरणाखाली उत्तर दिलेले असते, तसाच हा प्रकार होय. सर्व्हर स्वतः उदाहरण सोडवतो, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो आणि पास किंवा नापास असा निकाल देतो. निकालासोबत कोणता रूपांतर-नियम लागला, कोणता वापरप्रकार व कोणता मार्ग प्रथम जुळला, हेही कळते. म्हणून नापास निकालातूनही चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधता येते.

हीच कामे पॉवरशेलच्या आज्ञांनीही करता येतात. नवी चाचणी निर्माण करणे, तिच्यात बदल करणे, ती पाहणे, काढून टाकणे व चालवणे यांसाठी पाच वेगवेगळ्या आज्ञा आहेत. चाचण्यांची संख्या मोठी असेल तेव्हा पटलावर एकेक नोंद उघडत बसण्यापेक्षा आज्ञेने सर्व चाचण्या एकदम चालवणे सोयीचे पडते.

अपेक्षित उत्तर कोणी लिहावे, हा येथील कळीचा प्रश्न आहे. ज्याने नियम लिहिला त्यानेच सर्व्हरने दिलेले उत्तर पाहून ते अपेक्षित रकान्यात उतरवले, तर चाचणी नेहमी पास होईल आणि तिचा उपयोग शून्य राहील. अपेक्षित उत्तर सर्व्हरकडे न पाहता, संस्थेच्या धोरणावरून व क्रमांकरचनेवरून आधी कागदावर लिहिले गेले पाहिजे.

धाराशिव जिल्ह्याची क्रमांकरचना

भारतातील स्थिर दूरध्वनीचा क्रमांक एसटीडी कोड व स्थानिक क्रमांक मिळून दहा अंकी होतो. त्यात आरंभीचे शून्य धरले जात नाही. मुंबईचा कोड ०२२ व पुण्याचा ०२० असल्याने तेथे स्थानिक क्रमांक आठ अंकी आहेत. सोलापूर ०२१७ व छत्रपती संभाजीनगर ०२४० येथे ते सात अंकी आहेत. धाराशिव शहराचा कोड ०२४७२ असल्याने येथे स्थानिक क्रमांक सहा अंकी उरतो. जिल्ह्यात तुळजापूर ०२४७१, कळंब ०२४७३, उमरगा ०२४७५, परंडा ०२४७७ व भूम ०२४७८ असे वेगवेगळे कोड आहेत.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, मुंबई-पुण्यात तयार झालेला डायल प्लॅन धाराशिवला जसाच्या तसा चालणार नाही. कारण ‘आठ अंक आले तर स्थानिक’ हा तेथील नियम येथील सहा अंकी क्रमांकाला लागूच पडत नाही. दुसरे म्हणजे, जिल्ह्यात अनेक कोड असल्याने धाराशिव व उमरगा येथे शाखा असलेल्या संस्थेला दोन डायल प्लॅन लागतील. उमरग्यात फिरवलेले सहा अंक +९१२४७५ च्या पुढे जोडले गेले पाहिजेत, +९१२४७२ च्या पुढे नव्हे. एकच प्लॅन दोन्हीकडे लावला तर उमरग्याचा स्थानिक कॉल धाराशिवातील अनोळखी घरी वाजेल.

येथे नामांतराचाही विचार करावा लागतो. केंद्र शासनाच्या मान्यतेनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले. एसटीडी कोड मात्र बदलला नाही. सर्व्हरवरील नावांत ‘उस्मानाबाद’ असेल आणि नव्या नावाने वेगळा डायल प्लॅन तयार केला, तर जुन्या चाचणी-नोंदी जुन्याच प्लॅनकडे पाहत राहतात. त्या पास होत राहतील, पण प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्लॅनची परीक्षा होणारच नाही. नाव बदलताना चाचणी-नोंदीही त्याच दिवशी बदलणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चाचणीसंचाची मांडणी

समजा, एखाद्या शिक्षणसंस्थेचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरात व महाविद्यालय धाराशिवात आहे, आणि दोन्हीकडे स्वतंत्र गेटवे आहेत. धाराशिवच्या डायल प्लॅनसाठी किमान पुढील चाचण्या असाव्यात.

१) स्थानिक : २ ने सुरू होणारे सहा अंक. अपेक्षित रूप +९१२४७२ व पुढे तेच सहा अंक. मार्ग धाराशिव गेटवे.

२) जिल्ह्यांतर्गत : ०२४७५ व सहा अंक. अपेक्षित रूप +९१२४७५ ने सुरू होणारे, वापरप्रकार एसटीडी.

३) राज्यांतर्गत : ०२२ व आठ अंक. अपेक्षित रूप +९१२२ ने सुरू होणारे.

४) विदर्भ : नागपूरचा ०७१२ व सात अंक. अपेक्षित वापरप्रकार एसटीडी, भ्रमणध्वनी नव्हे.

५) भ्रमणध्वनी : शून्य व दहा अंक. अपेक्षित वापरप्रकार भ्रमणध्वनी.

६) अंतर्गत विस्तार क्रमांक : अपेक्षित रूप संस्थेतील त्या व्यक्तीचा पूर्ण क्रमांक.

७) आपत्कालीन : १००, १०१, १०८ व ११२ यांच्या चार स्वतंत्र चाचण्या.

८) निर्बंध : व्हरांड्यातील सार्वजनिक दूरध्वनीच्या पॉलिसीखाली ०० ने सुरू होणारा परदेशी क्रमांक. येथे मार्ग न मिळणे हेच अपेक्षित.

यांतील चौथ्या चाचणीचे कारण सांगणे आवश्यक आहे. भ्रमणध्वनीचे क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणून ‘+९१ नंतर सहा ते नऊ आला की भ्रमणध्वनी’ असा सोपा नियम लिहिण्याचा मोह होतो. परंतु नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४ हे सर्व कोड शून्य काढल्यावर ७ नेच सुरू होतात, आणि बेंगळुरूचा कोड ०८० आहे. ज्या लिपिकाच्या पॉलिसीत एसटीडीला मुभा व भ्रमणध्वनीला बंदी आहे, त्याचा नागपूरच्या कार्यालयास केलेला कॉल या सोप्या नियमामुळे अडेल. धाराशिव परिसरातील कोड २ ने सुरू होत असल्याने ही चूक येथे महिनोन् महिने दिसणारही नाही. अशी दडलेली चूक बाहेर काढणे हेच चाचणीचे खरे प्रयोजन होय.

आठव्या चाचणीचा निकाल सर्व्हर ‘नापास’ असा दाखवील. ती नापास होणे हेच योग्य असल्याने तिच्या नावातच ‘बंद असावा’ अशी खूण करावी; अन्यथा नवा कर्मचारी ती ‘दुरुस्त’ करण्याच्या नादात परदेशी कॉल खुले करून ठेवील.

आपत्कालीन क्रमांक : प्राधान्याची बाब

अनेक संस्थांत विस्तार क्रमांक तीन अंकी असतात व ते १०० पासून किंवा १०१ पासून सुरू केलेले असतात. प्राचार्यांना १०१, कार्यालयास १०८, ग्रंथालयास ११२ अशी वाटणी कोणाच्या लक्षातही न येता होऊन जाते. याच क्रमांकांपैकी १०१ हा अग्निशमन दलाचा, १०८ हा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या रुग्णवाहिका सेवेचा व ११२ हा देशव्यापी एकत्रित आपत्कालीन सेवेचा आहे. ‘१ ने सुरू होणारे तीन अंक म्हणजे विस्तार क्रमांक’ हा नियम यादीत वर असेल, तर प्रयोगशाळेत आग लागल्यावर फिरवलेला १०१ प्राचार्यांच्या रिकाम्या दालनात वाजत राहील. पहिला जुळलेला नियमच लागू होत असल्याने खाली लिहिलेल्या आपत्कालीन नियमाचा काही उपयोग होणार नाही.

यावर दोन उपाय आहेत. आपत्कालीन क्रमांकांचे नियम यादीच्या शिरोभागी ठेवणे हा एक. आणि विस्तार क्रमांक १ ने सुरूच न करणे हा दुसरा व अधिक खात्रीचा. चार आपत्कालीन चाचण्या नियमांतील प्रत्येक बदलानंतर चालवल्यास पहिला उपाय टिकून आहे की नाही हे कळते. या चाचण्या प्रत्येक व्हॉइस पॉलिसीसाठी स्वतंत्रपणे असाव्यात. ज्या दूरध्वनीवरून बाकी सर्व बाहेरचे कॉल बंद आहेत, त्यावरूनही हे चार क्रमांक लागलेच पाहिजेत.

मार्गाचा प्रश्नही येथे तितकाच महत्त्वाचा आहे. धाराशिवातील कर्मचाऱ्याने फिरवलेला १०१ जर छत्रपती संभाजीनगरच्या गेटवेमधून बाहेर पडला, तर तो तेथील यंत्रणेकडे जाईल. घटनास्थळ दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असताना उत्तर देणाऱ्याला त्याचा पत्ता नसेल. म्हणून आपत्कालीन चाचणीत ‘अपेक्षित मार्ग’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नये.

२०२१ चा बदल आणि चाचणीची मर्यादा

दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीवर कॉल करताना आरंभी शून्य लावणे बंधनकारक झाले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२० मध्ये केलेल्या शिफारशींवर हा निर्णय आधारलेला होता. त्यामुळे सुमारे २५४.४ कोटी अतिरिक्त क्रमांक उपलब्ध होतील असे सांगण्यात आले. तत्पूर्वी आपल्याच सर्कलमधील भ्रमणध्वनीसाठी शून्याची गरज नसे.

सर्व्हरच्या दृष्टीने हा बदल उद्बोधक आहे. वापरकर्त्याने दहा अंक फिरवले काय किंवा शून्यासह अकरा फिरवले काय, रूपांतरित क्रमांक +९१ व दहा अंक असाच राहतो. वापरप्रकार तोच, मार्गही तोच. साहजिकच जुनी चाचणी १५ जानेवारीच्या आधीही पास होती व नंतरही पास होत राहिली. बदल करायचा होता तो चौथ्या टप्प्यावर : ट्रंकवर +९१ काढून नुसते दहा अंक पाठवणारा नियम असेल, तर त्याजागी शून्य जोडणारा नियम हवा होता. चाचणी-नोंद पहिल्या तीन टप्प्यांचीच परीक्षा घेते. ट्रंकवरील रूपांतर तपासण्यासाठी वेगळी आज्ञा वापरावी लागते.

चाचणीच्या इतर मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. चाचणी-नोंद चालवल्याने कोणताही कॉल होत नाही. गेटवे बंद असला, तार तुटलेली असली तरी निकाल पासच येतो. प्रत्यक्ष बाहेर कॉल करून पाहणारी आज्ञा निराळी असून तिने समोरचा दूरध्वनी खरोखरच वाजतो. त्यामुळे ती संस्थेच्याच एखाद्या भ्रमणध्वनीवर चालवावी. आपत्कालीन क्रमांकांवर मात्र तिचा प्रयोग करू नये. बाहेरून आत येणाऱ्या कॉलची परीक्षाही चाचणी-नोंदीत होत नाही.

शिवाय चाचणीत डायल प्लॅन व पॉलिसी देता येते, वापरकर्ता कोठे बसला आहे हे देता येत नाही. खाजगी जाळ्यावरून कॉल दूरच्या शहरात नेऊन तेथे सार्वजनिक जाळ्यात सोडण्यावर भारतात निर्बंध असल्याने, लिंक सर्व्हर २०१३ मध्ये त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील सुधारणेद्वारे स्थानानुसार मार्ग ठरवण्याची सोय देण्यात आली. संस्थेने ती सुरू केली असेल, तर तिची पडताळणी त्या-त्या ठिकाणाहून कॉल करूनच करावी लागते.

व्यवस्थापनाची शिस्त

चाचणी-नोंदी एकदा तयार करून ठेवल्याने काम संपत नाही. प्रत्येक नोंदीच्या नावात ठिकाण, प्रकार व अपेक्षा असावी, उदाहरणार्थ ‘धाराशिव-आपत्कालीन-१०८-लागावा’. नियमात बदल करण्यापूर्वी सर्व चाचण्या चालवून निकाल जतन करावा व बदलानंतर पुन्हा चालवून दोन्ही निकाल ताडून पाहावेत. बदल करणाऱ्याने चाचणीतील अपेक्षित उत्तर परस्पर बदलू नये. तसे करणे आवश्यक वाटल्यास कारण नोंदवहीत लिहून दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची संमती घ्यावी. आज्ञा चालवण्याचा अधिकार सर्व्हरवर व्हॉइस प्रशासकाच्या भूमिकेपुरता मर्यादित ठेवता येतो. ज्या मार्गाचा वापर बंद झाला त्याची चाचणीही काढून टाकावी. कारण कायम नापास दिसणाऱ्या नोंदी वाढल्या की खरी नापास नोंद नजरेआड होते.

ही शिस्त आज विशेष गरजेची झाली आहे. स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरच्या २०१५ व २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संस्थांपुढे त्याच वर्षी आलेली सदस्यत्व आवृत्ती, टीम्ससारखी इंटरनेटवरील सेवा किंवा मुक्तस्रोत प्रणाली असे पर्याय आहेत. कोणताही पर्याय निवडला तरी जुने नियम नव्या ठिकाणी नव्याने लिहावे लागतील. त्या वेळी ‘काय फिरवले असता काय व्हावे’ याची कागदावरील यादी ज्या संस्थेजवळ असेल, तिला स्थलांतर सुकर होईल; कारण यादीतील एसटीडी कोड, आपत्कालीन क्रमांक व निर्बंध हे कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर तेच राहतात.

निष्कर्ष

१) व्हॉइस कॉलची चाचणी-नोंद ही संस्थेच्या दूरध्वनी-धोरणाची लिखित व पुनःपुन्हा तपासता येणारी नोंद होय. तिचे अपेक्षित उत्तर सर्व्हरवरून नव्हे, तर धोरणावरून लिहिले गेले पाहिजे.

२) मोठ्या शहरांतील डायल प्लॅन धाराशिवसारख्या सहा अंकी व अनेक कोड असलेल्या जिल्ह्यास तसाच लागू करता येत नाही. शाखानिहाय स्वतंत्र चाचण्या आवश्यक आहेत.

३) १००, १०१, १०८ व ११२ यांच्या चाचण्या प्रत्येक पॉलिसीसाठी, अपेक्षित मार्गासह असाव्यात आणि विस्तार क्रमांक १ ने सुरू करणे टाळावे.

४) पास निकाल नियमांचा बरोबरपणा सांगतो, कॉल लागण्याची हमी देत नाही. ट्रंकची वेगळी तपासणी व अधूनमधून केलेला प्रत्यक्ष कॉल यांची जोड दिल्यासच चाचणी पूर्ण होते.

५) दूरध्वनी यंत्रणा ही केवळ तंत्रज्ञाची बाब न मानता, तिची चाचणी-यादी महाविद्यालयाच्या सुरक्षाविषयक कागदपत्रांत समाविष्ट करून वर्षातून किमान एकदा तिचा आढावा घेतला जाणे उचित ठरेल.